टिकल्या, पाठकोरे कागद आणि गप्प बसणारी माणसं

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की काही नवीन करायचं असेल तर दोन-दोन तास चर्चा करत बसू नका, सगळ्यांच्या हातात पेन्सिल द्या, कागदावर करून बघा आणि जे वापरणार आहेत त्यांच्यापुढे ठेवा. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं खरंच वाटलं नव्हतं. थोडी कौतुकाची, दोन रागाची आणि बाकी सगळी 'ताई, बोलायला सोपं आहे, पण करायचं कसं' अशी. म्हणून यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं गाळलीत, पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं तालुक्याच्या गावात ब वर्गाचं वाचनालय आहे. वरच्या मजल्यावर हॉल रिकामा पडलाय. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तिथे अभ्यासिका हवी, ज्येष्ठांना पेपर वाचायला जागा हवी, महिला मंडळाला कार्यक्रमासाठी हॉल हवा. सहा महिन्यांत तीन मीटिंगा झाल्या, प्रत्येक वेळी चहा झाला, तेच दोघं-तिघं बोलले आणि शेवटी 'पुढच्या वेळी ठरवू'. आता एकजण म्हणतोय वर्कशॉप घ्या. पण ती पण मीटिंगच ना, फक्त भिंतीला रंगीत कागद लावून? (एक कार्यवाह, सातारा जिल्हा)

उत्तर : कार्यवाह साहेब, रंगीत कागदांचा टोमणा मान्य. भिंतभर कागद चिकटवायचे, फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे आणि पुढे काहीच नाही, अशी वर्कशॉप्स मी पाहिलीत आणि त्यातली एकदोन मीच घेतलेली होती. पण तुमच्या मीटिंगा का फसल्या ते बघा. 'हॉलचं काय करायचं' असा प्रश्न ठेवला की माणसं भाषणच करणार, ज्याला जे हवं ते तो मागणार आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं चालणार किंवा कुणाचंच नाही. त्यापेक्षा फळ्यावर असं लिहा : 'सकाळी ७ ते रात्री ९ हा एकच हॉल मुलं, पेपर वाचणारे आजोबा आणि महिला मंडळ या तिघांना कसा पुरवायचा?' हॉल कुणाला हे भांडणच यात उरत नाही, तिघांना मिळणार हे धरूनच आपण बसलोय, आता फक्त कसा तेवढं बोला. हे एक वाक्य नीट बसवायला मला कधीकधी अख्ख्या वर्कशॉपपेक्षा जास्त वेळ लागतो.

मग माणसं. पहिल्यांदा घेताय तर बाराच्या वर बोलावू नका. कमिटीतले चार, अभ्यास करणारी तीन मुलं, पेपर वाचायला येणारे दोघं, महिला मंडळाच्या दोघी आणि तुमचा शिपाई. शिपायाला चहा आणायला म्हणून नाही, सतरंजीवर बसवायला. दुपारी ऊन कुठल्या खिडकीतून येतं, कुठला पंखा नुसता आवाज करतो, रात्री कुलूप लावताना कोण रेंगाळतं हे त्याच्याइतकं कमिटीतल्या कुणालाच माहीत नसतं.

आता सहा-सहा जणांचे दोन गोल करा, प्रत्येकाला एक कागद. पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या, मग कागद उजवीकडच्याला द्यायचा, त्याने आधीचं वाचायचं आणि त्यात भर घालून किंवा नवीन अशा आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्या. बेर्न्ड रोरबाख नावाच्या जर्मन माणसाने १९६८ मध्ये हे मांडलं, त्याला सहा-तीन-पाच म्हणतात आणि हिशोबाने अर्ध्या तासात एका गटाच्या १०८ कल्पना होतात (१०८ म्हटलं की आपल्याकडे लगेच जपमाळ आठवते, आठवू द्या, लोक आकडा विसरत नाहीत). त्यातल्या निम्म्या एकसारख्याच असतील, काही बिघडत नाही. एकच अट कडक पाळा, लिहिताना बोलायचं नाही. सगळ्यात अवघड तेच असतं, पहिल्या दोन मिनिटांतच कोणीतरी 'अहो पण खरं सांगू का' म्हणून सुरू करतो, त्याला हसून कागद दाखवायचा. जो तीन मीटिंगांत एक शब्द बोलला नाही त्याच्या पण १८ कल्पना आता कागदावर आलेल्या असतात, माझ्या दृष्टीने खरी कमाई ती.

नंतर कात्रीने सगळ्याच्या पट्ट्या कापा आणि सतरंजीवर पसरा. ज्या एकमेकींच्या जवळच्या वाटतात त्या शेजारी सरकवायच्या, सगळ्यांनी मिळून. ही पद्धत जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची. नेपाळच्या डोंगराळ गावांत त्यांनी खूप काम केलं, त्यासाठी १९८४ ला मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. गावोगाव जमवलेल्या ढीगभर नोंदींचं करायचं काय, यातून त्यांनी चिठ्ठ्या जुळवायची ही रीत बसवली. यात आपले लोक हमखास एक चूक करतात, आधी फर्निचर, वेळ, पैसे असे मथळे लिहितात आणि मग त्याखाली चिठ्ठ्या टाकतात. तसं केलं की तुम्हाला जे आधीच माहीत होतं तेच परत दिसतं. चिठ्ठ्या आधी जमू द्या, नाव मागाहून. कदाचित असं निघेल की खुर्ची सरकवल्याचा आवाज, फोन, पेपरची फडफड, टाळ्या, हे सगळं एका ढिगात गेलं, म्हणजे भांडण जागेचं नव्हतंच, आवाजाचं होतं.

मग निवड. बाजारात टिकल्यांची पाकिटं मिळतात ती आणा, प्रत्येकाला तीन टिकल्या, ज्या ढिगावर आधी काम करावंसं वाटतं तिथे लावायच्या. पण इथे माझी एक फजिती सांगते. एका संस्थेत मी 'चला, लावा टिकल्या' म्हणाले आणि अध्यक्ष पहिले उठले. त्यांनी जिथे लावल्या तिथेच पाठोपाठ सगळ्यांनी लावल्या, दहा मिनिटांत एका चिठ्ठीला चाळीस टिकल्या आणि बाकी भिंत विधवेच्या कपाळासारखी असं तिथल्याच एक बाई म्हणाल्या, मला ती उपमा आवडली नाही पण चूक माझीच होती. तेव्हापासून मी आधी आपापल्या कागदावर नंबर लिहून घेते, मग सगळ्यांनी एकदम उठायचं आणि अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी.

इथपर्यंत दीड तास गेला असेल. इथे थांबलात तर तुमचं म्हणणं खरं ठरेल, ही रंगीत मीटिंगच. आता सगळ्यांना वर हॉलमध्ये न्या आणि खडू द्या. टेबल कुठे, पेपरचा स्टँड कुठे, पडदा कुठून कुठे हे जमिनीवर खऱ्या मापात आखायचं, खालून चार खुर्च्या आणून त्यात बसायचं, उठायचं, शेजारून जायचं. नकाशावर प्रशस्त वाटलेली वाट तिथे दीड फुटाची निघते. पुसा, परत आखा. जे ठरेल ते जुन्या सामानावर आठ दिवस चालवा, दारावर वेळांचा कागद लावा आणि शिपायाला एका वहीत फक्त इतकंच लिहायला सांगा की कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं आणि कुणी खुर्ची उचलून कुठे नेली. सुताराला आठ दिवसांनंतर बोलवा, आधी बोलावलंत तर तो त्याच्या मनाचं कपाट करून जाईल आणि पुढची वीस वर्षं तुम्ही त्या कपाटाला वळसा घालाल.

प्रश्न : मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दर महिन्याला ब्रेनस्टॉर्मिंग असतं. मॅनेजर येतात, 'मला असं वाटतं पण तुम्ही मोकळेपणाने बोला' म्हणतात आणि मग सगळे तेच वेगळ्या शब्दांत बोलतात. अर्धे ऑनलाइन, कॅमेरा बंद. पुढच्या महिन्यात हे घ्यायची पाळी माझी आहे, काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मॅनेजरचा दोष थोडा, पद्धतीचा जास्त. ब्रेनस्टॉर्मिंग हे अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याचं बाळ, १९५३ च्या त्याच्या पुस्तकाने ते जगभर गेलं. टीका करू नका, मोकळं सोडा, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घाला, हे नियम आजही चांगलेच आहेत. पण गटात बसलं की माणसाला एकट्यापेक्षा दुप्पट सुचतं, असाही त्याचा दावा होता. १९५८ मध्ये येल विद्यापीठात तो तपासला, एकीकडे चौघांचे गट आणि दुसरीकडे एकेकटे काम करणारे चौघं, ज्यांच्या कल्पना नंतर एकत्र करून मोजल्या. नेमकं उलटं निघालं, एकेकट्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी कारण शोधलं, ते ऐकून तुम्ही म्हणाल यात काय नवीन. एका वेळी एकच बोलतो, बाकीचे आपलं वाक्य डोक्यात धरून पाळीची वाट बघतात, आणि धरून बसलेल्या डोक्यात नवीन काही येत नाही, वर पाळी येईपर्यंत निम्मं विसरूनही जातं. लोकल पकडायला दारात उभं राहिल्यावर पुस्तक वाचता येत नाही तसंच.

तेव्हा पहिली दहा मिनिटं बोलणंच बंद. ऑनलाइनवाले आणि खोलीतले सगळे एकाच वेळी एका शेअर केलेल्या बोर्डवर लिहितील, नावं न दिसता. कॅमेऱ्याचा हट्ट सोडा, हात चालतायत ना ते बघा. मग प्रत्येकाने ए-फोर कागद तीनदा दुमडायचा, आठ चौकोन होतात, आठ मिनिटांत आठ चित्रं, स्क्रीन कशी दिसेल याची, रेघोट्या चालतील. पहिले दोन-तीन चौकोन सगळ्यांचे सारखेच येतात कारण ते सगळ्यांच्या डोक्यात तयारच असतात, पाचव्याला माणूस अडतो, वैतागतो, माझ्याकडे बघतो, आणि मला जे हवं असतं ते बहुतेक सहाव्या-सातव्या चौकोनात सापडतं. म्हणून चार चौकोनांवर थांबू देऊ नका.

मॅनेजरना आदल्या दिवशी एकटं गाठा. चारचौघांत नको. सांगा, सर तुमच्या मताचं वजन जास्त आहे म्हणून ते शेवटी ठेवूया, आणि अंतिम निर्णय तुमचाच. गूगलमध्ये असताना जेक नॅपने जी पाच दिवसांची डिझाइन स्प्रिंट (प्रश्नापासून नमुना करून लोकांवर तपासण्यापर्यंतची पद्धत) बसवली, त्यात निर्णय घेणारा माणूस सुरुवातीलाच नेमून ठेवतात, टिकल्या म्हणजे बाकीच्यांचा सल्ला, शिक्का त्याचा. हे मला प्रामाणिक वाटतं. लोकशाहीचं नाटक करून शेवटी साहेबांचंच करायचं, याने टीमचा जेवढा हिरमोड होतो तेवढा सरळ हुकमाने होत नाही. आणि निर्णय आपलाच आहे हे कळलं की साहेबही जरा सैल बसतात, मी बघितलंय.

प्रश्न : आमच्या बचत गटात पापड, कुरडया, शेवया आणि मसाले करतो. मागच्या वर्षी एका संस्थेची माणसं पाकिटाचं डिझाइन सगळ्यांनी मिळून करू म्हणून आली. सगळ्यांना स्केचपेन दिले, लिहा म्हणाले. बारा जणींतल्या पाच जणींना लिहिता येत नाही, त्या मागे जाऊन बसल्या, लिहिणाऱ्या दोघींनीच सगळं ठरवलं. पाकीट दिसायला छान झालं पण त्यात कुरडया मोडतात. आता परत करायचंय, यावेळी आम्हीच. (बचत गटाच्या एक ताई, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, कुरडया मोडणार हे त्या मागे बसलेल्या पाच जणींनी पाकीट हातात घेतल्या घेतल्या सांगितलं असतं. पण त्यांच्या हातात पाकीट नव्हतं, स्केचपेन होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशातल्या खेड्यांत तीसेक वर्षांपूर्वी सापडलेलं आहे. १९९० च्या आसपास ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स आणि इथल्या संस्थांमधली मंडळी गावोगाव जाऊन लोकांकडून गावाचे नकाशे करून घ्यायला लागली, कागदावर नाही, चावडीपुढच्या जमिनीवर, रांगोळीने. विहिरी म्हणजे दगड, घरं म्हणजे पानं, माणसं मोजायला बिया. साहेब लोक थक्क झाले कारण लिहिता न येणाऱ्या बायका-पुरुषांनी घर न घर बरोबर मांडलं. जमिनीवर काढलेलं कुणीही वाकून पुसू शकतं, 'अगं ती विहीर इकडे' म्हणून दगड सरकवू शकतं. कागदाचं तसं नसतं, पेन जिच्या हातात तिचंच चालतं.

तुम्ही काय करा, दुकानातून वेगवेगळी पाकिटं, मिठाईचे खोके, पुठ्ठे, प्लास्टिकच्या बरण्या, रद्दी, सुतळी, कात्री आणि खळ असं सगळं अंगणात मांडा. तिघी-तिघींचे चार गट, लिहिणाऱ्या सगळ्या एका गटात जाणार नाहीत एवढं बघा. प्रत्येक गटाला पाव किलो खऱ्या कुरडया द्या आणि अर्ध्या तासात त्यासाठी काहीतरी करून दाखवायला सांगा. मग परीक्षा. कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाका. पिशवीत भरून एकीला गावच्या खराब रस्त्यावरून गाडीवर चक्कर मारून यायला सांगा. उघडून मोडलेल्या किती ते मोजा. मग नाटक करा, एक दुकानदार, एक घाईतलं गिऱ्हाईक, एक बारीक अक्षर न दिसणारी आजी. हसून हसून पोट दुखेल पण त्या आजीच्या पार्टमध्ये नेमकं बाहेर येतं की आत काय आहे ते पाकीट न उघडता दिसलं पाहिजे.

निवडताना हात वर करायला सांगू नका, जाऊबाई जिथे तिथे आपण असं होतं. प्रत्येक नमुन्यापुढे एक झाकलेला डबा ठेवा, प्रत्येकीला पाच शेंगदाणे, एकेकीने जाऊन टाकायचे. सगळे एकात टाका नाहीतर वाटून. जे दोन नमुने पुढे येतील त्यांची दहा-दहाच पाकिटं करा आणि आठवडी बाजारात एकाच भावाने शेजारी-शेजारी ठेवा. 'कसं वाटलं' विचारू नका, कुठलं आधी उचलतात ते बघत बसा. आणि हो, वजन, तारीख, किंमत, परवाना नंबर हे पाकिटावर कायद्याने लागतंच, त्याची जागा आधीच सोडून द्या, त्यावर शेंगदाणे वाया घालवू नका.

प्रश्न : ते चिकटणारे रंगीत कागद महाग पडतात. त्याशिवाय चालेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : धावेल. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरने १९६८ मध्ये जो गोंद केला तो धड चिकटायचाच नाही, बरीच वर्षं त्याचं काय करायचं कळेना, मग आर्ट फ्राय या त्याच्या सहकाऱ्याला चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकात खुणेसाठी तो सुचला आणि अमेरिकेत सगळीकडे हे कागद विकायला आले ते १९८० ला. वर सांगितलेलं कावाकितांचं चिठ्ठ्या जुळवायचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. पाठकोरे कागद चार तुकडे करून घ्या, वाळत घालायची दोरी बांधा, कपड्याचे चिमटे लावा, उलट हलवायला सोपं जातं. पैसे खर्चायचेच असतील तर ते जाड मार्करवर खर्च करा. बॉलपेनने बारीक लिहिलेलं सहा फुटांवरून वाचता येत नाही आणि मग लोक वाचतच नाहीत. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा.

प्रश्न : आम्ही चौघं इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एसटी स्टँडवरच्या प्रवाशांसाठी गाड्यांच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप करतोय. पाच जणांवर टेस्ट केलं, सगळे 'मस्त' म्हणाले. गाइड सर म्हणतात पाच म्हणजे चेष्टा आहे, शंभर जणांचे गूगल फॉर्म भरून आणा. इंटरनेटवर मात्र पाच पुरतात असं लिहिलंय. कोण बरोबर? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : अरे, दोघंही बरोबर आणि तुम्ही चूक. ते पाचाचं प्रकरण याकोब निल्सन आणि टॉम लँडाउअर या, वस्तू वापरायला किती सोपी ते तपासणाऱ्या अभ्यासकांच्या १९९३ च्या हिशोबातून आलंय, त्यांच्या आकड्यांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो आणि पाच जणांपर्यंत ८५ टक्क्यांच्या आसपास दिसून जातात, पुढे तेच तेच परत दिसतं. पण हे कुठे अडतं ते शोधण्यापुरतं. किती लोकांना आवडेल, किती जण वापरतील हे पाचावरून सांगता येत नाही, तिथे सर बरोबर. आणि निल्सनचंच म्हणणं आहे की पंधरा माणसं मिळाली तर एकदम नका वापरू, पाच बघा, दुरुस्त करा, परत पाच.

तुमची चूक वेगळी. ते पाच जण मित्र आहेत, हॉस्टेलचे, फोनवर जन्मलेले, आणि तुम्ही त्यांना विचारलंत 'कसं वाटतंय'. मित्र मस्तच म्हणणार, आणखी काय म्हणेल, संध्याकाळी तुमच्याबरोबर मिसळ खायचीये त्याला.

सरळ स्टँडवर जा. कोडिंग आत्ता बंद ठेवा, प्रत्येक स्क्रीन पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हाताने काढा. समोरच्याने कागदावरचं बटण दाबलं की तुमच्यातल्या एकाने कॉम्प्युटर व्हायचं आणि पुढचा कागद ठेवायचा. पोरखेळ वाटतो ना? स्वीडन-डेन्मार्कमध्ये १९८१ ते ८५ युटोपिया नावाचा प्रकल्प झाला, वर्तमानपत्राच्या छापखान्यातल्या कामगारांबरोबर, त्यांच्याकडे कॉम्प्युटर येणार होते पण हवे तसे अजून तयारच नव्हते. त्यांनी पुठ्ठ्याचे खोके आणि कागद मांडून त्यावर काम करून बघितलं, एका खोक्यावर लेझर प्रिंटर असं लिहून तोच प्रिंटर. कामगारांना त्यातून कळलं की आपल्याला नक्की काय हवंय आणि काय नको. कच्च्या कागदाचा आणखी एक फायदा असतो, लोक बिनधास्त चुका काढतात. चकचकीत स्क्रीन दाखवली की 'छान आहे हो' म्हणून गाडीकडे पळतात.

पिशव्या घेऊन बसलेल्या मावशींकडे जा, आधी परवानगी घ्या, वेळ आहे का विचारा, चेहऱ्याचा व्हिडिओ नको. 'आवडलं का' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काम द्या : 'मावशी, उद्या सकाळी तुम्हाला पंढरपूरला जायचंय, गाडी किती वाजता ते यातून शोधून सांगा.' आणि मग गप्प. हा भाग तुम्हाला जमणार नाही असं मी पैज लावून सांगते, मावशी तीन सेकंद थांबल्या की तुमच्यातला एकजण 'ते वरचं दाबा ना' म्हणणारच. मनात दहा अंक मोजा. त्यांनी विचारलं 'हे दाबू का?' तर म्हणा 'तुम्हाला काय वाटतं, दाबलं तर काय होईल?' एकाने बोलायचं, एकाने कॉम्प्युटर व्हायचं, एकाने फक्त बोट कुठे गेलं ते लिहायचं, चौथ्याने चहा आणायचा कारण मावशींचा वेळ फुकट नाही. पाच मावशी-काका झाले की झाडाखाली बसा, कागद बदला, परत पाच. सरांना शंभर फॉर्मच्या ऐवजी हे बदललेले कागद तारखा घालून दाखवा, मला वाटतं ते ऐकतील.

प्रश्न : तीस वर्षं मी आर्किटेक्ट म्हणून काम करतोय. आपला मागचा लेख वाचून करमणूक झाली. टिकल्या लावून इमारती उभ्या राहत नाहीत. ज्याला त्यातलं कळतं त्याने डिझाइन करावं, बाकीच्यांनी वापरावं. (एक ज्येष्ठ वाचक, नाशिक)

उत्तर : काका, अर्धं मान्य आणि ते मनापासून. तुळई किती जाड, जिना किती रुंद, वायरिंग कसं, आगीच्या वेळी बाहेर कुठून पडायचं, यावर मतदान घेणारा माणूस मला भेटला तर मी पण त्याला हाकलीन. वर्कशॉप सुरू करायच्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात 'हे ठरलेलं आहे' म्हणून अशा गोष्टी लिहून टाकते, त्यावर चर्चा नाही.

पण सगळ्यांनी एकत्र बसून चित्र काढायची परंपरा तुमच्याच घरातली. शारेट हा शब्द तुम्ही शिकताना ऐकला असेलच, पॅरिसच्या एकोल द बोझार मधला, मुदत संपली की विद्यार्थ्यांची ड्रॉइंग गोळा करायला जी हातगाडी यायची तिचं नाव. आता तोच शब्द नागरिक, अधिकारी आणि डिझायनर दोन-चार दिवस एकत्र नकाशांवर वाकून बसतात त्याला वापरतात. तिथे आर्किटेक्टला कोणी बाहेर काढत नाही, पेन्सिल बहुतेक त्याच्याच हातात असते. फक्त आधी ऐकायचं असतं. खरं सांगू का, तुमच्यासारखी अनुभवी माणसं पहिल्या पाच मिनिटांत उत्तर सांगतात आणि ते बऱ्याचदा बरोबर निघतं, म्हणूनच मग बाकीचे गप्प होतात आणि ज्या एका वेळी ते बरोबर नसतं तेव्हा सांगायला कोणीच उरत नाही.

तुम्हाला एक छोटा प्रकार सुचवते, तुमच्या ऑफिसात करून बघा, टिकल्या लागत नाहीत. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये लिहिलेला. प्लॅन जवळजवळ पक्का झाला की ज्युनिअर लोकांना सांगायचं, समजा एक वर्ष झालंय आणि हे काम साफ फसलंय, का फसलं ते दोन मिनिटं लिहा. 'यात काही चूक दिसते का' विचारलं तर सरांची चूक कोण काढणार, पण फसलंच आहे असं धरलं की तीच मुलं सटासट लिहितात. मग एकेकाने एकच कारण वाचायचं, तुम्ही शेवटी. वर सातारच्या कार्यवाहांनीही सुताराला बोलवायच्या आदल्या दिवशी हे करावं.

प्रश्न : शाळेच्या मैदानाचा आणि कट्ट्याचा आराखडा शिक्षक, पालक, मुलं मिळून करायचा आहे. वर्कशॉप दिवसभर ठेवावं का? जेवण द्यावं लागेल का? (एक मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : बाई, पहिल्यांदाच घेताय तर सकाळचे तीन तास पुरेत. मुलांना पालकांच्या गटात बसवू नका, आई शेजारी असली की मूल आईचं उत्तर लिहितं, मुलांचा गट वेगळा आणि मैदानावर, वर्गात नाही. दिवसभरच करायचं असेल तर सुचायचं आणि लिहायचं काम जेवणाच्या आधी, कापाकापी, चिकटवाचिकटवी, आखणं वगैरे हाताचं काम जेवणानंतर. जेवण साधं ठेवा, मसालेभात आणि मठ्ठा. एकदा यजमानांनी हौसेने श्रीखंड-पुरी ठेवली होती. दुपारच्या सत्रात सतरंजीवर नऊ जण आडवे, दोघं भिंतीला टेकून डोळे मिटून 'विचार करत' होते, आणि पुठ्ठ्याचं मॉडेल शेवटी वाढप्याने पूर्ण केलं. चांगलं झालं होतं ते, पाण्याच्या टाकीची जागा त्याने बदलली होती आणि तीच कायम राहिली.